दाजींच्या बोटीला मी दिलेला सोडा

चारचौघांत ही गोष्ट मी फेसापर्यंतच सांगतो. फेस आला की लोक हसतात, कुणीतरी चहा मागवतं आणि मी तिथंच थांबतो. पुढं काय झालं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. आज कुणी समोर नाही, चहाही मागवलेला नाही, तेव्हा पुढचंही लिहून टाकतो.

मी साखर कारखान्यात फिटर होतो. उसाचा रस आटवायची जी उंच भांडी असतात, त्यांना आम्ही ‘बॉडी’ म्हणायचो. त्यांच्या पोटात शेकडो नळ्या असतात, आणि पंधरा-वीस दिवस रस उकळला की त्या नळ्यांना आतून दगडासारखा थर धरतो. मग क्लिनिंगचा दिवस. कॉस्टिक सोड्याचं पाणी भरायचं, खालून वाफ सोडायची, काही तास रटरट उकळायचं, आणि थर मऊ पडला की नळ्यांत ब्रश घालायचा. उभी नोकरी मी हेच केलं. सोड्यानं माझ्या तीन पँटी खाल्ल्या, हाताची कातडी खाल्ली, एकदा एका साहेबाचे नवे बूट खाल्ले, पण नळ्यांचं कधी काही वाकडं केलं नाही. त्यावरून मी असा निष्कर्ष काढून बसलो होतो की जे नळ्यांना चालतं ते जगाला चालतं. निवृत्तीच्या वेळी गोणीच्या तळाशी उरलेल्या कॉस्टिकच्या पापड्यांचा एक डबा घरी आणला होता. कुणी शाल-श्रीफळ आणतं, मी सोडा आणला.

माझी थोरली बहीण, आक्का, मुळा धरणाच्या पल्याड दिलेली. तिच्या गावाहून आमच्या कोल्हारकडे यायचं तर दोन वाटा. एक डोंगरावरून, निम्मी खडीची, जीपनं साडेतीन तास. दुसरी पाण्यावरून. धरणाचा फुगवटा ओलांडला की अर्ध्या-पाऊण तासात अलीकडच्या काठाला, तिथून पुढं डांबरी. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, या फुगवट्यावर बोट चालवायचे. दूध, माणसं, शेळ्या, लग्नाची भांडी, जे येईल ते न्यायचे.

आक्काची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. दवाखाना माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर, म्हणून सगळ्यांचं म्हणणं होतं की तिनं माझ्याकडंच राहावं. ती ऐकायची नाही.

“मला माझ्या दारातनं पानी दिसलं पायजे,” ती म्हणायची. “प्यायला तर दिवसाला दोनच पेले. निदान बघू तरी द्या.”

दाजी तिला बोटीतून आणायचे, बोटीतून न्यायचे. डोंगरातल्या जीपनं एकदाच नेलं होतं, तर ती परतताना तीनदा ओकली आणि म्हणाली, यापेक्षा मरन बरं. म्हणजे हिशेब सरळ होता. बोट चालू आहे तोवर आक्का तिच्या घरात.

शिमगा झाल्यावर दाजींचा फोन आला. इंजिन तापतंय.

दाजींच्या बोटीला जुन्या टेम्पोचं इंजिन होतं. टेम्पोत त्याला गार ठेवायला पुढं रेडिएटर असतो. बोटीत त्याचं काय काम? भोवती सगळं धरण. बुडातल्या तोटीतून पंपानं धरणाचं पाणी खेचायचं, इंजिनाच्या अंगातून फिरवायचं, आणि तापलेलं पाणी कडेच्या पाइपातून परत धरणात सोडायचं. कडेची धार मनगटाएवढी पडत असली की इंजिन खुशीत. दाजींची धार करंगळीएवढी झाली होती आणि काटा लालकडं सरकत होता.

“मिस्त्री काय म्हनतो?” मी विचारलं.

“म्हनतो आत गाळ बसलाय आन क्षार धरलाय. धुवाय लागंल. त्यो येनार पुढच्या हप्त्यात. तोवर म्हनला लिंबूफूल आनून ठेवा. कोमट पान्यात कालवायचं आन फिरवायचं.”

“लिंबूफूल?” मी हसलो. “दाजी, इंजिनाला सरबत पाजायचंय का? ह्या थराशी माझं लगीन लागलं हुतं उभी नोकरी. मी येतो उद्या.”

सोड्याचा डबा पिशवीत घालताना बायको दारात उभी होती. म्हणाली, “मिस्त्री येईपर्यंत थांबा की.” मी म्हणालो, तुला यातलं काय कळतंय. नवऱ्यानं बायकोला असं म्हटलं की पुढं काय होतं ते साऱ्या नवऱ्यांना माहीत असतं, तरी म्हटल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवातीला मी जे केलं ते सगळं बरोबर केलं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढं असं वाक्य येणार नाही. बोट काठाला ओढून घेतली. बुडाची तोटी बंद केली, जाळी काढली. जाळीत शेवाळ, प्लॅस्टिकची पिशवी आणि बारीक शंख गच्च बसलेले. पंप उघडून आतलं रबरी चक्र पाहिलं, पाकळ्या शाबूत होत्या. मग पंपाची नळी स्वच्छ पाण्याच्या पिंपात सोडून इंजिन मंद ठेवलं आणि पलीकडून येणारं पाणी वाहू दिलं. आधी चहासारखं आलं, मग ताकासारखं, मग निवळलं. धार अंगठ्याएवढी झाली. इथं थांबलो असतो तर आज हे लिहीत नसतो.

पण थांबायचं कसं? अंगठ्याएवढी धार कुणीही काढेल. दाजी काठावर बसून बिडी ओढत बघत होते, आणि मी तीन तालुक्यांत नाव असलेला क्लिनिंगवाला. मी डबा उघडला. आत काय आहे ते दाजींना सांगितलं नाही, ‘लिंबूफुलाचाच थोरला भाऊ, कारखान्यातला,’ एवढंच म्हणालो.

प्लॅस्टिकच्या पिंपात पापड्या टाकल्या की पाणी आपोआप तापतं. दाजींनी पिंपाला हात लावून बघितला आणि झटक्यानं मागं घेतला. “चुलीबिगर तापलं की वो!” म्हणाले. मी मान डोलावली, जणू मीच आतून तापवत होतो. पंपाची नळी पिंपात, परतीची नळीही त्याच पिंपात, आणि इंजिन चालू. तेच पाणी गोल गोल फिरत राहणार, थर खात राहणार.

पाचव्या-सहाव्या मिनिटाला फेस यायला लागला. असा फेस मी कारखान्यातही पाहिला नव्हता. राखाडी, काळपट, बुडबुड्यांचा, पिंपाच्या काठावरून उतू जाणारा. आक्का दारातून आली, तोंडाला पदर लावून म्हणाली, “अगं बाई, म्हसरानं ताक प्यालंय का काय?”

“हा मळ बघ, मळ!” मी ओरडलो. “कितीक वर्सांचा साचलाय! दाजी, साध्या लिंबूफुलानं निघाला आसता का ह्यो?”

“न्हाई वो,” दाजी मनापासून म्हणाले. “न्हाई निघाला आसता.”

आता सांगतो तो फेस कशाचा होता. इंजिनाचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, त्याला सोडा काही करत नाही. पण पाणी जिथून बाहेर पडतं, तिथं बोल्टानं बसवलेला एक कोपरा असतो, आणि तो ॲल्युमिनियमचा होता. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. फेस काढत खातो. आमच्या बॉड्यांत ॲल्युमिनियम कुठंच नसायचं, म्हणून उभ्या नोकरीत माझी आणि या गोष्टीची गाठ पडली नाही. शाळेत शिकवत असतील. त्या दिवशी मी बहुतेक मास्तरांच्या सायकलची हवा सोडत असेन.

तासभर मी तो कोपरा खाऊ घातला आणि वर लोकांना बोलावून दाखवला.

मग साध्या पाण्यानं धुतलं, जाळी लावली, तोटी उघडली, बोट पाण्यात ढकलली. धार पडली, मनगटाएवढी. काटा निम्म्यावरही जाईना. दाजींनी मला दोन दिवस जाऊ दिलं नाही. धरणातली चिलापी मासळी तळून घातली, गावात दोघाचौघांकडं नेलं. “आमचं पाव्हनं कारखान्यातलं हायेत,” असं सांगायचे. मंगळवारी आक्काला घेऊन गेले आणि आले, काही कुरकुर नाही. मी शुक्रवारपर्यंत राहायचं ठरवलं. आपलं यश बघत बसायला मला पहिल्यापासून आवडतं.

शुक्रवारी सकाळी बोटीत आम्ही चौघं. दाजी मागं सुकाणूला, मी इंजिनाशेजारी, आक्का मधल्या फळीवर उशी घेऊन, आणि पुढं एक दूधवाला, दोन कॅन घेऊन. वारा समोरून होता. निम्मं पाणी ओलांडलं असेल. मी आक्काला सांगत होतो की एका साहेबाचे बूट सोड्यानं कसे खाल्ले. ती हसत होती, आणि हसताना तिला धाप लागत होती, कारण मंगळवारपासूनचं पाणी अंगात साठलेलं.

फस्स झालं. वाफेचा लोट. माझ्या पायावर गरम पाणी. मला वाटलं नळी निसटली. हात घातला तर नळी जागेवर, कोपऱ्यालाच करंगळी जाईल एवढं भोक. त्यातून धरणाचं पाणी सरळ बोटीत पडत होतं. पंप आपलं काम इमानानं करत होता, धरण आत भरत होता.

“बंद करा! इंजिन बंद करा!” मी ओरडलो.

दाजींनी बंद केलं. एकदम शांत झालं. मग वाऱ्याचा आवाज यायला लागला आणि बोट वळायला लागली.

मी माझा टॉवेल काढून कोपऱ्याला गुंडाळला, वरून दूधवाल्यानं दिलेली सायकलची ट्यूब आवळून बांधली. “लावा,” म्हणालो. दोन-तीनशे हात गेलो असू. टॉवेल उडाला, काटा लालमध्ये गेला, आणि इंजिन असा आवाज करून थांबलं की मला हात लावायची गरज पडली नाही. आधी फक्त कोपरा गेला होता. त्या दोन-तीनशे हातांत इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, तेही गेलं. तेही माझंच डोकं.

दूधवाला कॅनच्या झाकणानं पाणी उपसत होता. दाजींनी एक वल्हं घेतलं, मी बसायची फळी उचकटून घेतली. अडीच-तीन तास. वारा आम्हाला मागं लोटायचा, आम्ही पुढं. ऊन चढलं. आक्कानं पदर डोक्यावर घेतला होता आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती. तिचे ओठ सुकलेले. भोवती नजर जाईल तिथं पाणी, आणि तिच्या पिशवीत मोजून अर्धा पेला.

“आक्का, घोटभर घे.”

“नगं. आजून कुटं हाय काठ.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “आरं, माझं बी यंत्र धुत्यात की हप्त्यातनं दोनदा. पर तिथली पोरगी आदी कागद वाचती, मग नळी लावती.”

मला कळलं नाही ही चेष्टा होती की आणखी काही. मी फळी मारत राहिलो.

काठाला लागलो तेव्हा तिला उचलूनच जीपमध्ये घालावं लागलं. तिची वेळ टळली होती, पण तिची अवस्था बघून दवाखान्यात लगेच घेतलं. फुप्फुसात पाणी चढलं होतं. सहा दिवस ठेवलं. सातव्या दिवशी ती माझ्या घरी आली, कॉटवर बसली, आणि खिडकीतून नगर-मनमाड रस्त्यावरचे ट्रक बघून म्हणाली, “इंजन नीट झालं की जाते बाई मी.”

दाजींनी बोट वल्हवत परत पल्याड नेली होती. मिस्त्री आला त्या दिवशी मी तिथंच होतो. त्यानं कोपरा सोडवला, उन्हात धरला. कागदासारखा झालेला. त्यानं अंगठा दाबला तर अंगठा आरपार गेला.

“काय टाकलं हुतं?” त्यानं विचारलं.

दाजी माझ्याकडं बघत होते. विश्वासानं बघत होते, म्हणजे ‘सांगा यांना, तुम्हाला कळतं यातलं’ असं. आणि माझ्या तोंडून शब्द आला, “लिंबूफूल.”

का आला? मी विचार केला नव्हता. साहेबानं विचारलं की आधी नाही म्हणायचं, अशी नोकरीतली सवय. मिस्त्रीनं कोपरा उलटा-सुलटा केला. “लिंबूफुलानं आसं हुत न्हाई. जुनाच झाला आसंल मग.”

“जुना हुताच,” दाजी म्हणाले. “तुमीच म्हनला हुता ना बदला म्हनून. दोन वर्सं झाली. मी म्हनलं, चालतंय, चालतंय.” आणि ते खाली बसले. “माझ्याच हलगर्जीपनानं झालं.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाना पुसत होतो.

नवा कोपरा मिळेना. इंजिनच एवढं जुनं. नगरच्या भंगारबाजारात मी आठ-दहा फेऱ्या मारल्या, कपाळाला फडकं बांधून टेम्पोंच्या सांगाड्यांत शिरलो. शेवटी सापडला, बिडाचा. हेड घासायला टाकलं, ते राहिलं पडून, मग गॅस्केट चुकीचं आलं. सगळं मिळून पाच आठवडे गेले. बोट चालू झाल्याचा दाजींचा फोन आला तेव्हा मी आक्काच्या हातात मोबाईल दिला.

“चालू झाली? धार पडती का? बरं. मंग मंगळवारी डायलिसिस झालं की या न्यायला.”

पलीकडून दाजी काहीतरी बोलत राहिले. तिचा चेहरा उतरत गेला.

त्या पाच आठवड्यांत धरण उतरलं होतं. दर उन्हाळ्यात उतरतं, शेतीला पाणी सोडतात. पण दर वर्षी आक्का उतरतीच्या आधीपासून पल्याड असायची, आणि काठ लांबत गेला तसं दाजी दगड-मुरूम टाकून वाट रोज थोडी थोडी पुढं न्यायचे आणि तिला बैलगाडीतून बोटीपर्यंत पोचवायचे. यंदा बोटच बंद, ती वाट कुणी केलीच नाही. आता दोन्ही काठांना अर्धा-अर्धा कोस चिखल झाला होता, वरून वाळलेला, आत माणूस गुडघ्यापर्यंत घेणारा. धडधाकट माणसं बोटीपर्यंत जात होती. आक्काला दवाखान्याच्या पायऱ्या चढवत नव्हत्या.

“पानी चढूंद्या मग,” ती फोनवर म्हणाली. “हाय की मी हितं. कुटं पळून जातीय?”

दाजी दर रविवारी यायचे, बोट बंद होती तोवर डोंगरातून जीपनं, मग चिखल तुडवून बोटीनं. तिच्यासाठी घरच्या गाईचं दही आणायचे, जे तिला चालायचं नाही, मग ते आम्ही खायचो. पाणी कुठवर मागं गेलं ते सांगायचे. आज जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं, आज पायऱ्या दिसल्या. आणि उठताना प्रत्येक वेळी म्हणायचे, “माझ्यामुळं तुला हितं पडून राहाय लागतंय बघ.” आक्का म्हणायची, “काय बी बोलू नगा.” आणि मी आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जायचो.

एका गुरुवारी दुपारी बायको बाजारला गेली होती. मी आक्काला सगळं सांगितलं. सोडा, फेस, कोपरा, लिंबूफूल. कसं सांगायचं याची तयारी केली होती, थोडं विनोदानं सुरू करायचं वगैरे. विनोद पहिल्याच वाक्यात अडकला.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला वाटलंच हुतं. लिंबाला कंदी एवढा फेस येतो व्हय?”

“दाजींना तू सांगशील का?”

“म्या न्हाई सांगनार.” तिनं मान हलवली. “म्या सांगितलं तर माझ्याकडं बघून माफ करतील तुला. तसं नगं. तुझ्या तोंडानं सांग. ह्या रविवारीच सांग, त्या मानसाला झोप न्हाई.”

त्या रविवारी दाजींबरोबर शेजारचे एक जण आले होते. त्याच्या पुढच्या रविवारी आक्काला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी ती अतिदक्षता विभागात होती, आणि बुधवारी सकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयानं दगा दिला, असं होतं अशा पेशंटांत, कुठंही असत्या तरी झालं असतं. मी ते वाक्य धरून बसलो होतो काही दिवस. मग ते मलाच पुरेना.

तिला डोंगरावरून नेलं. गाडी खडीवर हलायची तेव्हा दाजी तिच्या डोक्याला हात लावून धरायचे, दगडांचा धक्का बसू नये म्हणून.

तेराव्यानंतर मी दाजींबरोबर काठाला गेलो. बोट चिखलाच्या पलीकडं उभी होती, मधल्या भेगाळलेल्या जमिनीवर कुणीतरी टरबुजाचा वेल लावला होता. दाजी धोंड्यावर बसले. मी उभा राहिलो आणि सांगितलं. या वेळी तयारी केली नव्हती, सरळ सांगितलं. कोपरा जुना होता म्हणून गेला नाही, मी सोडा घातला म्हणून गेला. मिस्त्रीला मी खोटं सांगितलं. तुमचा काही दोष नाही.

त्यांनी बिडी काढली, पेटवली नाही.

“तिला ठाव हुतं?” त्यांनी विचारलं.

मला एकदम दिसलं, की हो म्हटलं तर यांना वाटणार, ‘तिला माहीत असून तिनं मला रविवारमागून रविवार कुढू दिलं.’ ते मी कसं होऊ देणार? मी चटकन म्हणालो, “न्हाई. तिला न्हाई सांगितलं.”

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. “म्हंजी जाताना माझाच दोष धरून गेली ती.”

“न्हाई, दाजी, न्हाई,” मी खाली बसलो, त्यांचा हात धरला. “ठाव हुतं तिला. मी सांगितलं हुतं. तिनंच मला म्हनलं हुतं तुमाला सांगाय. खरंच सांगतो. आत्ता मी खोटं बोललो.”

त्यांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

“आता मी कुटलं खरं धरू, पाव्हनं?” ते म्हणाले.

समोरच्या काठावरून कुणीतरी बोटीसाठी हाळी देत होतं. दाजी उठले, धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरले.